पुणेकराच्या घरातील तापमानाचा कारभार

पाश्चात्य देशांत ज्याला स्मार्ट थर्मोस्टॅट म्हणतात, ते भिंतीवर बसविण्याचे वाटोळे यंत्र पुण्यातील एखाद्या गृहस्थाने हौसेने मागवून घेतले, तर ते जोडावयाचे कशाला, हा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी उभा राहील. तळघरातील एका भट्टीतून किंवा एकाच शीतयंत्रातून साऱ्या खोल्यांना नळावाटे हवा पुरविली जाते, अशा घरांसाठी ते घडविलेले आहे. त्या भट्टीस पेटण्याचा आणि थांबण्याचा हुकूम चोवीस व्होल्टच्या बारीक तारेवरून देणे, हा त्याचा मुख्य अखत्यार. आपल्याकडे प्रत्येक खोलीचा एसी निराळा, त्याचा रिमोट निराळा, न्हाणीघरातील गीझर त्याहून निराळा, आणि छतावरचा पंखा तर या सर्वांच्या कारभाराबाहेर. कोरेगाव पार्कातील एखाद्या प्रशस्त बंगल्यात सर्व खोल्यांची एकत्र वातानुकूलन-व्यवस्था असेल तर गोष्ट वेगळी. इतर सर्वांना नवे यंत्र निवडण्यापूर्वी घरात आधीपासून काम करीत असलेल्या थर्मोस्टॅटांचा परिचय करून घेणे भाग आहे.

या यंत्राचे मूळ तत्त्व जुने आणि फार सुंदर आहे. दोन भिन्न धातूंच्या पातळ पट्ट्या एकमेकींस घट्ट जोडल्या आणि त्यांना उष्णता दिली, की एक धातू अधिक व दुसरा कमी प्रसरण पावल्यामुळे ती जोडपट्टी वाकते, आणि त्या वाकण्याने विजेचा मार्ग तोडता किंवा जोडता येतो. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी १८३० मध्ये अशा पट्टीच्या नियंत्रकाचे पेटंट घेतले. पुढे १८८३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे अध्यापक वॉरन जॉन्सन यांनी, वर्गातील तापमान पाहण्यासाठी शिपायाला वारंवार आत यावे लागू नये म्हणून, खोलीतून तळघरात विजेने वर्दी देणारे साधन पेटंट केले. आपल्या इस्त्रीत आजही तीच पट्टी वाकते आणि सरळ होते.

गीझरातील थर्मोस्टॅट म्हणजे बहुधा टाकीत शिरलेली एक पितळी कांडी किंवा द्रवाने भरलेली बारीक नळी असते, आणि तिच्या शेजारीच पाणी तापविणारी कॉइल. खडकवासल्याचे पाणी मृदू असल्यामुळे शहराच्या जुन्या पेठांत हा सारा संसार वर्षानुवर्षे स्वच्छ राहतो; परंतु वाघोली किंवा उंड्रीकडील ज्या सोसायट्यांना बोअरच्या वा टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात, तेथील गीझर उघडून पाहिला तर कॉइल आणि कांडी या दोहोंवर पांढऱ्या क्षाराचे जाड कवच चढलेले आढळते, आणि त्या कवचाआडून कांडीला पाण्याचे खरे तापमान उशिरा कळते. अशा गीझरास कितीही हुशार यंत्र जोडले तरी व्यर्थ. तेथे प्रथम इलेक्ट्रिशियनला बोलावून टाकी साफ करून घ्यावी. हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी अठरा-एकोणीस मिनिटे पुरतात. हा खर्च कोणत्याही यंत्राने टळत नाही. टळू शकतो तो तापलेले पाणी दिवसभर तापलेले ठेवण्याचा खर्च. आणि तो चोवीस तासांत किती, याचा आकडा गीझरवरील स्टारच्या पट्टीवर छापलेला असतो. सकाळी ठरावीक वेळी गीझर चालू करून अर्ध्या तासाने बंद करणारे साधे यंत्रही तेवढ्यापुरते उत्तम काम देते, मात्र ते १६ अँपियरचेच असावे. मोबाइलच्या चार्जरसाठी विकले जाणारे हलके स्मार्ट प्लग गीझरला लावणे धोक्याचे आहे, आणि गीझरातील कटआउट व दाब सोडणारा व्हॉल्व्ह यांची जागा तर कोणताही स्मार्ट प्लग घेऊ शकत नाही.

एसीचा तपशील याहून सूक्ष्म आहे. आतल्या युनिटची जाळी उचलून पाहिले तर थंड होणाऱ्या कॉइलच्या पुढ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक सेन्सर एका बारीक वायरला लावलेला दिसतो. रिमोटवर आपण २४ चा आकडा टाकतो तेव्हा त्या दाण्याच्या भोवतालची हवा २४ अंशांची व्हावी, एवढाच त्याचा अर्थ असतो. तो दाणा छतालगत आहे, जेथे खोलीतील उष्ण हवा चढून बसते, आणि झोपणारा माणूस जमिनीपासून दोन फुटांवर आहे. त्यामुळे आकडा आणि अनुभव यांत जो फरक पडतो, त्याचा दोष पुष्कळदा एसीच्या गॅसला दिला जातो. कित्येक कंपन्यांच्या रिमोटमध्येच एक सेन्सर बसवून तो उशाशी ठेवण्याची सोय असते, आणि ती सोय असलेला एसी मिळत असेल तर निम्मे काम वेगळे यंत्र न घेताच होते. १६ चा आकडा टाकल्याने साध्या एसीतून अधिक थंड हवा येत नाही. तो केवळ थांबत नाही.

हे सर्व कोणत्याही शहरास लागू आहे. पुण्याचे वैशिष्ट्य मात्र येथून पुढे सुरू होते. भारतीय हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरची ती वास्तू आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. त्या शिवाजीनगरच्या नोंदींत जानेवारी १९३५ मधील १.७ अंशांची थंडी आहे आणि एप्रिल २०१९ मधील ४३ अंशांचा उन्हाळाही. परंतु या टोकांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती रोजची तफावत: एप्रिलमध्ये दुपारी पारा सरासरीने ३८ च्या आसपास जातो आणि पहाटे तोच २०-२१ पर्यंत उतरतो. मुंबईच्या माणसास हे वैभव लाभलेले नाही. जी हवा पहाटे चार वाजता खिडकीबाहेर फुकट उभी असते, तीच हवा खिडक्या लावून घेऊन विजेने निर्माण करीत राहणे हा अपव्यय आहे, आणि सबब पुण्यात तापमानाचे यंत्र निवडताना माझी पहिली कसोटी अशी आहे की, ते बाहेरचे तापमान जाणते का, आणि बाहेरची हवा खोलीहून थंड झाली म्हणजे एसी थांबवून तशी सूचना देते का.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडीत असतो, आणि जाड मातीच्या भिंतींच्या वाड्यांत जी सोय होती ती सहा इंची भिंतींच्या इमारतीत नाही. तेथे रात्रीच्या पूर्वार्धात एसी, नंतर पंखा आणि उघडी, जाळी लावलेली खिडकी, असा क्रम ठरवून देता येईल, असे साधन हवे. पंख्याचा वारा अंगावर असता दोन-तीन अंश अधिक तापमानही सुसह्य होते, ही साधी गोष्ट या सर्व व्यवहारात विसरली जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने एसीचा आकडा एक अंशाने चढविला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेला प्रत्येक खोलीचा एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू झाला पाहिजे, असा नियम करण्यात आला आहे. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पंखा लावून २६ किंवा २७ देखील पुरतात. जून उजाडला की हवेतील दमटपणा वाढतो आणि तोच आकडा चिकट वाटू लागतो. म्हणून केवळ तापमान न मोजता आर्द्रताही मोजणारा सेन्सर निवडावा.

आता प्रत्यक्ष खरेदी. आपल्या घरांस उपयोगी पडते ते यंत्र म्हणजे रिमोटचे अदृश्य किरण स्वतः सोडणारी, वायफायवर चालणारी एक छोटी डबी. ते किरण भिंत ओलांडीत नाहीत, त्यामुळे प्रत्येक खोलीस निराळी डबी घ्यावी लागते. आपल्या एसीचे नेमके मॉडेल तिला ओळखता येते का, याची खातरजमा दुकानातच करून घ्यावी. एसी नवा घ्यावयाचा असेल तर वायफाय आतच असलेला घेणे बरे. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर थांबण्याऐवजी मंद होऊन काटकसर करतो. त्याचा वीजपुरवठा प्लगमधून वरचेवर तोडणे हे त्या यंत्रावर अन्याय करणे आहे. आणखी एक गोष्ट पुणेकराने आवर्जून विचारावी: लाइट जाऊन आल्यावर यंत्र आपला बेत स्मरणात ठेवते का? दुरुस्तीसाठी लाइट जाते त्या गुरुवारी जे यंत्र सारे विसरते, ते शुक्रवारी पुन्हा नव्याने शिकवावे लागते.

बचतीच्या टक्केवारीविषयीही सावध राहावे. ती बहुधा अशा मुलखांतून येते जेथे भट्टी वर्षाचे सहा महिने पेटलेली असते. आपल्या एसीवरील स्टारच्या पट्टीतला वार्षिक युनिटांचा आकडाही वर्षाला १६०० तास चालण्याच्या गृहीतावर काढलेला आहे. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत रोज रात्री आठ तास एसी लावणाऱ्या कुटुंबाचे तास सुमारे सहाशे भरतात. यंत्राची किंमत किती वर्षांत वसूल होईल, हे सहाशेच्या हिशेबाने पाहावे. महावितरणच्या बिलात मात्र १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर दर चढतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या बिलात थोडी बचतही टप्पा वाचवून जाऊ शकते.

शेवटचा मुद्दा यंत्राच्या आयुष्याचा. २०११ मध्ये ज्या नेस्ट यंत्राने या साऱ्या प्रकाराला लोकप्रियता दिली, त्याच्या पहिल्या दोन पिढ्यांचा मोबाइलशी असलेला संबंध गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये तोडला. भिंतीवरचे बटण फिरवून ती यंत्रे अजून चालतात. दुरून हुकूम देण्याची सोय मात्र गेली. तापमानाचा कारभार एखाद्या दूरस्थ कंपनीच्या हवाली करताना तिने तो सोडला तर आपल्याजवळ काय उरते, हे आधीच पाहिले पाहिजे. ज्या घरात आजीला मोबाइल वापरता येत नाही, त्या घरात तर जुना रिमोट नव्या पेन्सिल सेलसह तिच्या हाताशी ठेवावा, आणि रात्री दोन वाजता तिला थंडी वाजली तर एकाच बटणाने एसी बंद होतो, हे यंत्र बसविणाऱ्या माणसाकडून तिच्यासमोर करून दाखवून घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.