डिशवॉशरच्या तळाशी साचलेले पाणी

भांडी धुऊन झाल्यावर डिशवॉशरच्या गाळणीखालच्या खळग्यात थोडे पाणी राहते, आणि ते राहायलाच हवे. गाळणीच्या वर पाणी दिसले, तर मात्र निचरा अडला आहे.

लोणावळा, खंडाळा आणि पवना धरणाच्या काठच्या सुट्टीच्या घरांत हे हमखास घडते. घर आठवडेच्या आठवडे बंद राहते. गाळणीतली शिते, तेल आणि मसाला वाळून घट्ट बसतात. पावसाळ्यात वीज मध्येच गेली तरी पाणी तसेच राहते. तो बिघाड नव्हे. वीज आल्यावर बहुतेक यंत्रे उरलेले काम पुरे करतात.

इतर वेळी आधी प्लग काढावा, पाण्याचा नळ बंद करावा. खालची जाळी बाहेर घेऊन पाणी वाटीने उपसावे, उरलेले स्पंजने टिपावे. गाळणी फिरवून काढावी आणि गरम पाण्यात मऊ ब्रशने घासावी. खळग्यात काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून हातमोजे घालूनच चाचपावे. चिंचोके, लिंबाच्या बिया, टूथपिक पंपाचे पाते अडवतात.

मग मागची नळी पाहावी. यंत्र भिंतीला सरकवताना ती दुमडते. सिंकच्या पाइपाला जोडण्याआधी ती वर उचललेली हवी, नाहीतर सिंकचे घाण पाणी उलटे आत येते. सिंकच तुंबले असेल तर दोष यंत्राचा नाहीच.

तुंबलेली मोरी मोकळी करणारी तीव्र रसायने यंत्रात कधीही ओतू नयेत. रबरी भाग खराब होतात. एवढे करूनही पंपाचा आवाज येत नसेल, तर तंत्रज्ञाला बोलवावे.