गोळी चालू असताना बदलणारी गुणसूत्रं

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक बुटकं गुणसूत्र दिसलं. १९७३मध्ये जॅनेट राउली यांनी त्याचं कारण दाखवलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती. त्या जोडातून बनणारं प्रथिन पेशींना सतत वाढायला लावतं. अमेरिकेत २००१मध्ये मान्यता मिळालेली इमॅटिनिबची गोळी नेमकं तेच प्रथिन रोखते.

गोळी लागू पडून ते बुटकं, म्हणजेच फिलाडेल्फिया गुणसूत्र दिसेनासं झाल्यावरही थोड्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत वेगळेच बदल सापडतात. ८ क्रमांकाचं गुणसूत्र एक जादा असतं, किंवा वाय गायब. अहवालात हे वाचून घाबरून परस्पर गोळी बंद करणं मला फार धोक्याचं वाटतं. हे बदल पुष्कळदा आपोआप नाहीसे होतात. नुसता वाय जाणं तर उतारवयातल्या निरोगी पुरुषांतही आढळतं. ७ क्रमांकाचं गुणसूत्र हरवलं असेल, तर मात्र गोष्ट निराळी. त्यातून क्वचित तीव्र ल्युकेमिया उद्भवू शकतो, म्हणून मूळ आजार आटोक्यात असला तरी अशा रुग्णावर बारीक लक्ष ठेवावं लागतं.