लॅपटॉपचा छापा आणि आतला माल

बीड जिल्ह्यातील कापसाच्या व्यापाऱ्याला ‘कापूस आहे, भाव बोला’ एवढेच कोणी सांगितले, तर तो हसेल. गाडी माजलगावहून आलेली असो वा गेवराईहून, तो आधी मूठभर कापूस हाती घेईल, धागा ओढून लांबी पाहील, ओलाव्याचा अंदाज घेईल, कवडी किती आहे ते तपासेल आणि मगच आकडा उच्चारील. सराफी पेढीवरही हीच रीत. १ जुलै २०२१ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी उमटू लागला आणि गिऱ्हाईक तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर पडताळून पाहू लागले. परंतु हेच चोखंदळ घराणे मुलीला अभियांत्रिकीसाठी पुण्यास पाठवताना लॅपटॉप घ्यायला जाते, तेव्हा ‘आय सेव्हन आहे’ या एका वाक्यावर विसंबून पैसे मोजते.

‘आय सेव्हन’ ही मालाची प्रत नव्हे, तो केवळ छापा आहे. इंटेल कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘आय७-७५००यू’ आणि २०२२ मधील ‘आय३-१२१५यू’ शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्याच्या नावात सात असले तरी त्यात कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे गाभे, केवळ २ आहेत. दुसऱ्याच्या नावात तीन असून गाभे ६ आहेत. नवा ‘तीन’ जुन्या ‘सात’ला सहज मागे टाकतो. जुना दुरुस्त केलेला लॅपटॉप विकणारा दुकानदार ‘आय सेव्हन’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. त्याने निम्मे नाव सांगितलेले असते, एवढेच.

ही निम्म्या नावाची किंमत आता अधिकच वाढली आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, किमान आठव्या पिढीचा लागतो. म्हणून ‘आय७-७५००यू’ असलेले यंत्र बाहेरून कितीही चकचकीत असले तरी ते त्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहते. त्याच्या नंतरचा ‘आय५-८२५०यू’ मात्र उंबरठा ओलांडतो. त्यात गाभेही ४ आहेत.

पिढी ओळखण्याची खूण क्रमांकाच्या आरंभी असते. ८२५० मधील आठ म्हणजे आठवी, १०२१० मधील दहा म्हणजे दहावी पिढी. येथवर सरळ आहे. पण ‘आय५-११३५जी७’ किंवा ‘आय५-१२३५यू’ हे चार अंकी क्रमांक पाहून अनेकजण त्यांना पहिल्या पिढीचे समजतात, ते चूक आहे. एकने आरंभ होणाऱ्या या चार अंकी क्रमांकांत पहिले दोन अंक मिळून पिढी होते. म्हणजे अनुक्रमे अकरावी आणि बारावी. शेवटचे अक्षरही वाचलेच पाहिजे. ‘यू’ असलेला कमी विजेवर चालतो, बहुधा १५ वॅटवर. ‘एच’ ४५ वॅटच्या घरातला, अधिक जोमाचा आणि अधिक तापणारा. बीड-परळीकडच्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसून हिशेब लिहिणाऱ्याला दुसऱ्याची गरज क्वचितच पडते. अभियांत्रिकीची चित्रे काढणाऱ्या विद्यार्थिनीला ती पडू शकते.

एएमडी कंपनीच्या रायझेन प्रोसेसरांत सापळा वेगळ्या जागी आहे. ‘रायझेन ५ ७५२०यू’ मधील आरंभीचा सात हा २०२३ या वर्षाच्या मालिकेचा निदर्शक आहे. आतली रचना कोणती हे तिसरा अंक सांगतो. येथे तो दोन आहे, म्हणजे रचना ‘झेन २’, जी २०१९ मध्येच बाजारात आली होती. त्यामुळे २०२१ च्या ‘रायझेन ५ ५६००यू’ मध्ये ‘झेन ३’ रचनेचे ६ गाभे असताना, क्रमांकाने मोठ्या ७५२०यू मध्ये गाभे ४ च आहेत. शिवाय ७५२०यू सोबतची मेमरी मदरबोर्डवर पक्की जोडलेली असते. ८ जीबी घेऊन पुढे १६ करू, असा बेत असेल तर तो तेथेच संपतो. कंपनीने हे अंकांचे कोष्टक २०२२ मध्ये जाहीर केले होते, पण ते दुकानाच्या फळीवर कोणी लावत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. पुष्कळदा ग्राहक काळजी घेतो, क्रमांक लिहून आणतो, निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोधतो आणि तेथे तो नावाचा प्रोसेसरच सापडत नाही. यादीत नाही म्हणजे माल खोटा, असे मात्र लगेच म्हणू नये.

कित्येकदा दोष शोधण्यात असतो. इंटेलने लॅपटॉपसाठीची ‘पेंटियम’ आणि ‘सेलेरॉन’ ही नावे २०२३ पासून बंद केली. तेव्हापासूनचा ‘एन१००’ केवळ ‘इंटेल प्रोसेसर’ म्हणून विकला जातो. जुन्या नावाखाली शोधणाऱ्यास तो कसा मिळणार? २०२४ च्या आरंभी ‘कोअर ५ १२०यू’ सारखी ‘आय’ गाळलेली नावे आली. त्याच्याशेजारी ‘कोअर अल्ट्रा ५ १२५यू’ ठेवलेला असतो. दोघांत ‘अल्ट्रा’ हा शोभेचा शब्द वाटतो. प्रत्यक्षात पहिला जुन्या रचनेची सुधारित आवृत्ती आहे आणि दुसरा निराळ्या रचनेचा.

काही प्रोसेसर एकाच ग्राहक-कंपनीसाठी घडवलेले असतात. २०१९ मधील ‘रायझेन ५ ३५८०यू’ हा मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉपसाठी होता. सामान्य ३५००यू च्या तुलनेत त्यात चित्र-प्रक्रियेचे घटक ८ ऐवजी ९ होते. नावाच्या शेवटी ‘सी’ असलेला ‘रायझेन ५ ५६२५सी’ क्रोमबुकसाठीचा आहे आणि तो ५६२५यू चाच भाऊ. असा अपरिचित क्रमांक आढळला, तर त्याच्या सर्वांत जवळच्या प्रसिद्ध क्रमांकाशी गाभे, थ्रेड आणि कॅश ताडून पाहावेत.

खरोखर टाळावा असा एकच प्रकार आहे. जुन्या मालाच्या बाजारात कधी कधी अशी यंत्रे येतात, ज्यांत प्रोसेसरच्या नावाच्या जागी चार शून्ये किंवा ‘ईएस’ ही अक्षरे दिसतात. हे चाचणीसाठी काढलेले नमुने होत. इंटेल ते विकत नाही, उत्पादकांना वापरण्यापुरते देते, आणि त्यांना ग्राहक-हमी नसते. मोंढ्यात नमुन्याची पुडी कोणी पोते म्हणून विकत घेत नाही.

पैसे मोजण्यापूर्वी यंत्र चालू करून पाहणे हाच पडताळा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो; त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘सीपीयू’ निवडल्यास उजवीकडे पूर्ण नाव आणि खाली गाभे, लॉजिकल प्रोसेसर व कॅश यांचे आकडे येतात. हे नाव स्टिकरवरून नव्हे, प्रोसेसरच्या पोटातून वाचलेले असते. तेथे त्यासाठी ४८ अक्षरांची जागा राखलेली आहे. विंडोजमधील नावाची नोंद कोणी बदलू शकतो, म्हणून नावापेक्षा आकड्यांवर भरवसा ठेवावा. ‘८२५०यू’ म्हणून दाखवलेल्या यंत्रात गाभे २ आणि तिसऱ्या स्तराची कॅश ६ ऐवजी ४ एमबी दिसली, तर सौदा तेथेच थांबवावा. ‘सीपीयू-झेड’ हे विनामूल्य अॅप आतल्या रचनेचे सांकेतिक नावही दाखवते. यादीत नसलेल्या क्रमांकाचे कुळ शोधण्यास ते फार उपयोगी आहे.

लॅपटॉपच्या तळाशी बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी-क्रमांकही असतो, आणि तो दागिन्याच्याच अॅपवर तपासता येतो. मात्र तो विद्युत-सुरक्षेची साक्ष देतो, प्रोसेसरच्या वेगाची नव्हे. याबाबत गफलत फार होते.

दुकानाच्या हिशेबासाठीच यंत्र हवे असेल तर एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही. ८ जीबी मेमरी आणि एसएसडी असेल तर टॅलीसाठी ‘एन१००’ चे ४ गाभेही पुरतात. त्या जागी महागडा ‘एच’ घेणे म्हणजे किराणा आणायला मालमोटार बाहेर काढणे. २ गाभ्यांचा ‘सेलेरॉन एन४०२०’ मात्र स्वस्त मिळाला तरी नको. त्यावर टॅली, ब्राउझर आणि जीएसटीचे पोर्टल एकाच वेळी उघडले की मार्चअखेरीस मुनीमजींचा संयम संपतो.

बिलावर ‘लॅपटॉप, आय ५’ एवढेच लिहून घेऊ नये. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मेमरी आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहिण्याचा आग्रह धरावा. तक्रारीची वेळ आली तर तोच कागद बोलतो. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क नाही. येथे व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेढीच्या नावाने घेतलेल्या यंत्रावरील १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणून मुलीचा लॅपटॉपही पेढीच्याच बिलात बसवण्याचा मोह होतो. घरच्या वापराच्या वस्तूवर ते क्रेडिट घेता येत नाही, हे एक. दुसरे असे की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने केलेली खरेदी ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर जाते. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला तेवढी सूट आहे. उद्या प्रोसेसर सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला, तर विक्रेता प्रथम त्या बिलावरील पेढीच्या नावाकडेच बोट दाखवील.