आकडा घटला, पण आजार?

आतड्यांना रक्त पुरवणारी मुख्य धमनी अचानक बंद पडण्याचं प्रमाण मोजायचं कसं? स्वीडनमधल्या माल्मो शहरात 1970 ते 1982 या काळात 87 टक्के मृतदेहांचं शवविच्छेदन होई. तिथे वर्षाला लाखामागे 8.6 रुग्ण आढळले. पुष्कळांचं निदान तर मृत्यूनंतरच झालं. पुढे शवविच्छेदनं कमी झाली आणि नोंदलं जाणारं प्रमाणही खाली आलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा यात वाटा असेलही; पण शोधणंच कमी झाल्यावर घट कितपत खरी मानायची? शिवाय वय वाढतं तसा धोका झपाट्याने चढतो. फिनलंडमधल्या कुओपिओच्या पाहणीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांत आतड्यांचा रक्तपुरवठा तुटण्याचे रुग्ण अपेंडिक्सच्या दाहापेक्षा जास्त निघाले. म्हाताऱ्या होत चाललेल्या कोणत्याही समाजाने हे लक्षात घ्यावं.

धमनी बंद करणारी गुठळी बहुधा हृदयातून येते, नाहीतर कडक झालेल्या धमनीतच धरते. रुग्ण वेदनेने तळमळतो, पण सुरुवातीला पोट दाबून पाहावं तर मऊ. इथेच फसगत होते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या वयस्क माणसाचं पोट एकाएकी असह्य दुखू लागलं, तर ‘गॅस असेल’ म्हणत थांबू नका. सीटी अँजिओग्राफीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. आतडं वाचवायला हाती काही तासच असतात.