कार्यकारिणीवर नाव द्यायच्या आधी



सध्या ग्रामसंघाच्या बैठकांना गेलं की एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "ताई, आमच्याकडं झाडांचं-पाण्याचं काम करणारी संस्था आहे. त्यांना कार्यकारिणीवर एक बाई पाहिजे. माझं नाव घालतायत. आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो मागितलेत. देऊ का?"

माझं उत्तर आहे, द्या. पण झेरॉक्स देण्याआधी आपण कशावर सही करतोय, हे समजून घ्या. नुसतं नावापुरतं बसायचं असेल तर नको. काम समजून घेऊन बसणार असाल, तर तुमच्याइतकी तयारीची माणसं अशा संस्थांना सहज मिळत नाहीत. ते कसं, तेच या लेखात सांगते.

संस्था म्हणजे नेमकं कोण?

आपण बोलताना "संस्थेचे सर आले", "संस्थेची गाडी आली" असं म्हणतो. हे सर बहुतेक वेळा पगारी कार्यकर्ते असतात. कायद्याच्या भाषेत संस्था म्हणजे तिचे सभासद आणि त्यांनी निवडलेली कार्यकारिणी. संस्था नोंदणी कायदा १८६० सालचा आहे. त्यानुसार कमीत कमी सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा लागू होतो, म्हणून अशा संस्थांचा कारभार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या देखरेखीखाली असतो.

कार्यकारिणीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सदस्य असतात. यांचं काम बिनपगारी असतं. बैठकीला येण्या-जाण्याचा खर्च देण्याचा नियम असेल तर तो मिळतो, तेवढंच. हे नियम जिथं लिहिलेले असतात त्याला संस्थेची घटना किंवा नियमावली म्हणतात. म्हणजे खड्डे खणून घेणं, रोपं आणणं, अहवाल लिहिणं हे पगारी माणसं करतात. काय करायचं, कुठं करायचं, पैसा कशावर घालायचा हे बिनपगारी माणसं ठरवतात. आणि उद्या कोणी जाब विचारला, तर तोही याच बिनपगारी माणसांना द्यावा लागतो.

गटाचा पैसा आणि संस्थेचा पैसा

इथं एक फरक नीट लक्षात घ्या.

गटात आपण दर आठवड्याला बचत टाकतो. पैसा आपल्या घामाचा असतो, म्हणून पासबुकात शंभर रुपये कमी दिसले तरी बाई विचारते. गटाच्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लेखे अद्ययावत ठेवणं, आपल्या अंगवळणी पडलीत, कारण त्यात आपलंच हित आहे.

संस्थेत येणारा पैसा देणगीचा, सरकारी योजनेचा किंवा कंपनीच्या सामाजिक निधीचा असतो. तो तिथं बसलेल्या कोणाच्याच खिशातून गेलेला नसतो. त्यातला एक रुपयाही सदस्यांना वाटून घेता येत नाही. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. कांदळवन राखण्याचं काम त्यातही होतं, पण तो त्यांचा व्यवसाय आहे आणि त्याची कमाई त्यांची आहे. सेवाभावी संस्थेत तसं नसतं. शिल्लक राहिली तरी ती पुन्हा कामावरच घालायची असते.

मग होतं असं, की पैसा कोणाचाच नाही म्हणून त्याच्यावर लक्षही कोणाचंच राहत नाही. "सचिव बघतात सगळं" असं म्हणून बाकीचे सह्या करतात. सचिव प्रामाणिक असले तरी हे वाईटच. ते आजारी पडले किंवा गाव सोडून गेले, तर कागद कुठं आहेत हेसुद्धा कोणाला ठाऊक नसतं. कार्यकारिणीवरच्या स्वयंसेवकाचं पहिलं काम हेच, की परक्याच्या पैशाकडं आपल्या पैशासारखं बघायचं. ही सवय तुम्हाला आहे. म्हणून म्हटलं, तुमच्याइतकी तयारी दुसऱ्या कोणाची नाही.

झाडा-पाण्याच्या संस्थेत बाई का हवी?

"महिला सदस्य दाखवावी लागते" एवढंच कारण असेल तर ते पुरेसं नाही. खरं कारण आपल्या डोक्यावरच्या ओझ्यात आहे.

समजा, संस्थेनं ठरवलं की गावच्या टेकडीवर झाडं लावायची आणि तीन वर्षं चराईबंदी करायची. कागदावर निर्णय चांगला आहे. पण शेळ्या कोणाच्या? सरपण कोण आणतं? चराईबंदीनंतर चाऱ्यासाठी दोन किलोमीटर लांब कोण जाणार? ज्या बाईला जावं लागणार तीच ठरवायच्या वेळी नसेल, तर निर्णय तिच्यावर लादला जातो. मग रात्री कुंपण मोडतं आणि सगळे म्हणतात, "लोकांना झाडांची किंमतच नाही."

उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात १९८० साली असाच प्रसंग आला होता. डुंगरी-पैंतोली गावाजवळचं ओकचं जंगल तोडून तिथं बटाट्याची लागवड करायची सरकारी खात्याची योजना होती. बदल्यात गावाला रस्ता, शाळा, दवाखाना अशा सोयी मिळतील असं सांगितलं गेलं, आणि गावातले कारभारी पुरुष तयार झाले. बायकांनी हिशोब मांडला. जंगल गेलं तर सरपण-चाऱ्यासाठी रोज कितीतरी मैल जास्त चालावं लागणार होतं. त्या आडव्या गेल्या आणि तोड थांबवली. चिपको आंदोलनाचाच हा भाग. पुरुष काही गावाचे वैरी नव्हते. त्यांना रस्ता दिसत होता, बायकांना सरपण दिसत होतं. ठरवणाऱ्यांत आधीच बायका असत्या, तर भांडायची वेळ आली नसती.

वेळासनं काय केलं?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात समुद्रकाठी वेळास गाव आहे. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, भाऊ काटदरे तिचे संस्थापक, २००२ च्या सुमाराला या कामाला लागली. किनाऱ्यावर कुंपण घालून अंडी तिथं जपायची आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची, असं काम सुरू झालं. त्यात गावातलीच माणसं घेतली. पुढं कासव महोत्सव सुरू झाला. बघायला येणारे पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले, घरचं जेवण जेवू लागले, आणि बायकांच्या हातात त्याचे पैसे येऊ लागले. हळूहळू बरंचसं काम गावानं आणि वन विभागानं आपल्याकडं घेतलं.

यातून कार्यकारिणीवरच्या माणसानं दोन गोष्टी घ्याव्यात. एक, जपण्यात गावाचा फायदा आहे की नाही हे सुरुवातीलाच बघायचं. दोन, बाहेरची संस्था गेल्यावर हे काम कोण चालवणार, हे पहिल्याच दिवसापासून विचारायचं.

बैठकीत बसून करायचं काय?

बैठकीची सूचना आधी लेखी मागा आणि विषय वाचून जा. घटनेत लिहिलंय तेवढी माणसं, म्हणजे कोरम, हजर आहे ना ते मोजा. ठराव झाला की सूचक कोण, अनुमोदक कोण, हे इतिवृत्तात त्याच दिवशी लिहून घ्या. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नका. हे सगळं आपण ग्रामसंघात करतोच. तिथं मोठी माणसं बसलीत म्हणून नियम बदलत नाहीत.

पैशाच्या विषयाला बँकेचं पासबुक आणि जमा-खर्च समोर ठेवायला सांगा. "किती आले, किती गेले, किती उरले" हे तीन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही.

झाडा-पाण्याच्या कामाला हे चार प्रश्न विचारा:

१. जागा कोणाची आहे? गायरान, वनजमीन की खासगी? लेखी परवानगी कुठं आहे?

२. मार्च ते मे या महिन्यांत रोपांना पाणी कोण घालणार आणि त्याचा खर्च धरलाय का?

३. मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी आज जिवंत किती? मोजणी कोणी केली? "लावली किती" हा आकडा फोटोसाठी असतो. "जगली किती" हा आकडा कामाचा.

४. या कामामुळं कोणाची वाट, चारा, सरपण किंवा पाणी बंद होतंय का? त्यांना विचारलंय का?

आपलाच संबंध असेल तर

तुमच्या गटाची रोपवाटिका आहे आणि संस्थेला रोपं घ्यायची आहेत, असं होऊ शकतं. लपवू नका. बैठकीत उभं राहून सांगा, "ही रोपवाटिका माझ्या गटाची आहे." बाकीच्या ठिकाणचे दर मागवायला सांगा आणि त्या विषयाचा निर्णय होईपर्यंत बाहेर बसा. तसं इतिवृत्तात लिहून घ्या. एवढं केलंत तर उद्या कोणी बोट दाखवू शकणार नाही. आणि हाच नियम अध्यक्षांच्या भाच्याच्या जेसीबीलाही लावा.

सही करण्याआधी हे बघा

* संस्थेची घटना. वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या.
* नोंदणीचं प्रमाणपत्र आणि धर्मादाय कार्यालयातला 'शेड्यूल वन'चा उतारा. त्यात आत्ता कोणाची नावं आहेत ते दिसतं.
* मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. संस्थेचं वर्ष ३१ मार्चला संपतं.
* बँकेत सह्या कोणाच्या चालतात? एकट्याच्या सहीवर पैसे निघत असतील तर आधी ते बदलायला सांगा.
* संस्थेवर कर्ज, कोर्टातला वाद किंवा अपुरा राहिलेला सरकारी प्रकल्प आहे का?
* परदेशातून पैसा येतो का? येत असेल तर त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. ती आहे ना?

आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा न झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही करायची नाही. मागणारा कितीही जवळचा असला तरी नाही. "ताई, नंतर भरतो" म्हटलं तर "भरून आणा, मग करते" म्हणायचं. यात कोणाचा अपमान होत नाही.

नाव गेलं म्हणजे खरंच गेलं का?

नवी कार्यकारिणी आली की त्याचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. अर्ज दिलाच नाही तर तुम्ही चार वर्षं बैठकीला जाल, पण सरकारी नोंदीत जुनीच माणसं असतील. याच्या उलटही होतं. तुम्ही राजीनामा दिला, पण बदल नोंदवला नाही, तर नोंदीत तुमचं नाव तसंच राहतं आणि नोटीस तुमच्या दारात येते. म्हणून राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, आणि बदल अर्ज दिल्याची प्रत मागा.

एखादा निर्णय पटला नाही तर गप्प बसू नका, तडकाफडकी बाहेरही पडू नका. "माझा या ठरावाला विरोध आहे" असं इतिवृत्तात लिहायला सांगा. हा तुमचा हक्क आहे. मुदत संपली की पद सोडा, पण त्याआधी दुसऱ्या एका बाईला सोबत नेऊन तयार करा. गटात आपण अध्यक्ष-सचिव बदलतो, तसंच इथंही.

आता काय करायचं?

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्या: आपल्या गावात झाडा-पाण्याचं काम करणाऱ्या संस्था किती, आणि त्यांच्या कार्यकारिणीवर आपल्यातल्या कोण आहेत? ज्या आधीच आहेत त्यांनी आपल्या संस्थेची घटना सोबत आणावी. ज्यांना विचारणा झाली आहे त्यांनी वरची यादी घेऊन संस्थेच्या कार्यालयात जावं. एकटीनं जायला संकोच वाटला तर दोघी-तिघी मिळून जा. कागद दाखवायला जी संस्था आनंदानं तयार होईल, तिथं बेलाशक नाव द्या. जी टाळाटाळ करील, तिला सांगा, "कागद बघितल्यावर कळवते."

बैठकीत काय ठरलं ते प्रभागसंघाकडं कळवा. पाच-सहा गावांतून मागणी आली, तर घटना आणि ऑडिट रिपोर्ट कसा वाचायचा याचं एक दिवसाचं प्रशिक्षण आपण प्रभागसंघातच ठेवू.

आपली,
क्षेत्र समन्वयक