मनोविकारांची कैफियत, लेखांक 11 : अमृतसरचे तंबू

नामनिर्देशित प्रतिनिधीचे प्रकरण आज घ्यावयाचे, असे गेल्या आठवड्यात ठरले होते, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमातले चौदावे कलम मी त्यासाठी काढूनही ठेवले होते. पण मधल्या दिवसांत रावेर तालुक्यातील तापीकाठच्या एका गावाहून एक पत्र आले, आणि त्या पत्रापुढे चौदाव्या कलमाला आठवडाभर तिष्ठत बसणे भाग आहे. कायदा कोठे पळून जात नाही. त्या घरी मात्र येत्या लगीनसराईत पाहुणे यावयाचे आहेत.

पत्र एका बापाचे आहे. थोरला मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातून घरी परतलेला. कानांत कोणी बोलते, शेजारीपाजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत, असे त्याला वाटे. जळगावी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले आणि गोळ्यांनी पुष्कळ उतारही पडला. धाकटी मुलगी उपवर. भाऊबंदांत सांगून ठेवले आहे की, "पोरगं पुण्याले कंपनीत आहे." ज्या दिवशी मुलगी पाहावयास पाहुणे येतात, त्या दिवशी उजाडण्यापूर्वी आई भाकरी बांधून मुलाला केळीच्या बागेतल्या मोटारीच्या खोलीत नेऊन बसविते आणि पाहुण्यांची गाडी गावाबाहेर पडली म्हणजे परत आणते. मागच्या खेपेस तिने हाक मारण्यापूर्वीच तो चपला घालून ओट्यावर उभा होता, असे बापाने लिहिले आहे, आणि त्या वाक्यानंतर पत्रात अर्धे पान कोरे आहे. पुढे दोन प्रश्न : हे पाहुण्यांस सांगावे की लपवावे, आणि बहिणीच्या संसारात हे दुखणे उतरेल काय?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आकड्यांत देता येते, आणि आकड्यांना लोकलज्जा नसते. अर्व्हिंग गॉट्समन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने युरोपातील अनेक दशकांच्या कौटुंबिक पाहण्या एकत्र करून जो हिशेब मांडला, तो आजही या विषयाच्या ग्रंथांतून सर्वत्र दिला जातो. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा विकार जडण्याचा संभव शेकडा सुमारे 1; रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत तो 9 च्या आसपास, रुग्णाच्या स्वतःच्या अपत्यांत 13 च्या; आणि भाचे-पुतणे यांच्यापर्यंत पोचेतो 4 वर येतो. एकाच बीजाच्या जुळ्या भावंडांत, म्हणजे जेथे रक्त हुबेहूब एक तेथेही, एकाला विकार असताना दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण 48 आहे. निम्म्याहून अधिक जुळी त्यातून सुटतात. तेव्हा या मुलीच्या पोटी येणाऱ्या मुलांपैकी शेकडा 96 ना मामाच्या दुखण्याचा स्पर्शही होणार नाही, आणि आमच्या कुळात असले काही नाही म्हणून ओसरीवर छाती पुढे काढून बसणाऱ्या पाहुण्यांच्या नातवंडांनाही तो 1 काही चुकलेला नाही. कायद्याचे म्हणाल, तर 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमात मनोविकाराविषयी जी अट आहे ती वधूवरांच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी आहे. वधूच्या भावाचा त्यात उल्लेख नाही.

सांगावे की लपवावे, याचा निवाडा मी करणार नाही, असे म्हटले तर ती पळवाट होईल. माझे मत असे की, पहिल्या चहापोह्यांबरोबर घरातली सारी दप्तरे उघडावयाचे कारण नाही, पण सुपारी फुटण्यापूर्वी मुलाकडील जबाबदार माणसास, आणि विशेषतः प्रत्यक्ष मुलास, ही गोष्ट कळलेली बरी. लग्नानंतर ती कळते तेव्हा तिला दुखण्याचे नव्हे, फसवणुकीचे रूप आलेले असते, आणि ते रूप मुलीला सासरी जन्मभर निस्तरावे लागते. मात्र एक गोष्ट बापाच्या चार पानी पत्रात कोठेच आढळली नाही. आजाराविषयीची गुप्तता राखून घेण्याचा अधिकार 2017 च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाने ज्याला दिला आहे तो रुग्ण आहे. बाप नव्हे, काका नव्हे, मध्यस्थ तर नव्हेच. तेव्हा पाहुण्यांना काय सांगावे, याची मसलत ज्याच्यावाचून होऊच नये असा माणूस त्या घरात एकच आहे, आणि त्याला आपण मोटारीच्या खोलीत बसवून ठेवले आहे.

येथे मला अमृतसरच्या तंबूंची आठवण येते. 1912 चा वेड्यांविषयीचा जो कायदा आपल्याकडे पाऊण शतकाहून अधिक काळ चालला, त्याची सारी बांधणी फौजदार, मॅजिस्ट्रेट आणि दाखले यांभोवती झालेली होती : नातलगाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, आणि मग इस्पितळाचा दरवाजा. घरच्या माणसाचे काम अर्जावर सही करण्याइतकेच. दरवाजाच्या आत त्याला जागा नव्हती, आणि पुष्कळांना तशी जागा नकोही असे, कारण सही करून परतलेले लोक पुन्हा फिरकत नसत. फाळणीनंतर 1950 साली लाहोरच्या इस्पितळातले हिंदू व शीख रुग्ण हद्दीपलीकडून अमृतसरला आणण्यात आले (मंटोची 'टोबा टेकसिंग' ही कथा ज्यावर उभी आहे तीच ही अदलाबदल), आणि त्या इस्पितळाचा कारभार त्या दशकात विद्यासागर नावाच्या डॉक्टरांकडे होता. माणसे थोडी, खाटा थोड्या, रुग्ण उदंड. अशा स्थितीत दुसरा अधिकारी जादा मंजुरीसाठी सरकारदरबारी तगादा लावीत बसला असता. विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाच राहावयास बोलाविले.

आई, बायको, भाऊ यांनी रुग्णाजवळ राहावे, त्याचे जेवणखाण पाहावे, औषध कसे दिले जाते ते डोळ्यांनी पाहावे, आणि डॉक्टरांनी सर्वांना एकत्र बसवून हे दुखणे काय आहे, कशाने वाढते, कशाने उतरते, ते त्यांच्या बोलीत समजावून द्यावे, असा तो क्रम. त्यांतले काही लवकरच ध्यानात आले : रुग्ण लौकर सुधारून घरी जाऊ लागले, आणि घरी नेणारे माणूस आधीच बरोबर असल्यामुळे त्यांना टाकून देण्याचे प्रकार कमी झाले. काही मागाहून ध्यानात आले, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे : शेजारच्या तंबूतही असलेच एक माणूस आहे, तेही रात्री असेच बडबडते, त्याच्याही आईने नवस बोलून पाहिले आहेत, हे कळल्यावर जी सुटका त्या माउलीला मिळते ती कोणत्याही पुडीत बांधून देता येत नाही. असे घर गावी परतले म्हणजे ते लपून राहीना. उलट दुसऱ्या एखाद्या घरी तसे काही झाले, तर हेच लोक त्यांना अमृतसरची वाट दाखवीत. विद्यासागर यांनी स्वतः लिहून ठेवले फारच थोडे, म्हणून त्यांचे नाव आमच्याकडे कोणास ठाऊक नाही; वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानेही त्याच दशकात नातलगांना रुग्णाजवळ ठेवण्याची पद्धत सुरू केली, आणि पुढे देशभर ती थोडीबहुत पसरली.

या तंबूंमागचे शास्त्र पुढे लंडनमध्ये उलगडले. जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाला 1950 नंतरच्या दशकात असे दिसले की, इस्पितळातून सुटून आईबापांकडे किंवा बायकोकडे गेलेले काही रुग्ण, भाड्याच्या खोलीत एकटे राहणाऱ्यांपेक्षा, अधिक वेळा पुन्हा आजारी पडतात. ज्या घरात उठताबसता टोचून बोलणे, उघड तिरस्कार, किंवा याच्या उलट डोळ्यांत तेल घालून क्षणोक्षणी पाळत ठेवणे आणि माणसाला लहान मुलासारखे जपणे आहे, तेथे विकार उलटतो, असे त्याच्या व त्याच्यामागून आलेल्यांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले. आता हीच मोजपट्टी डॉ. नरेंद्रनाथ विग आणि त्यांचे सहकारी यांनी चंदीगडच्या घरांना लावली, आणि 1987 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते असे की अशी तापलेली घरे लंडनपेक्षा चंदीगडकडे बरीच थोडी, आणि त्यातही खेड्यांत शहराहून थोडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या मोठ्या पाहणीत आग्रा हे एक केंद्र होते, तिच्यातही आग्र्याच्या रुग्णांची गत युरोपातल्या कित्येक शहरांतल्यांपेक्षा बरी दिसली होती. या निष्कर्षांवर पुढे पुष्कळांनी शंका घेतल्या आहेत, आणि आपल्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्यासाठी ते वापरणाऱ्यांचा मला कंटाळा आहे; एकत्र कुटुंबातच मोटारीच्या खोल्याही असतात. पण मूळ मुद्दा टिकून आहे : घर हे औषधाइतकेच उपचाराचे अंग आहे, आणि त्याला शिकविता येते.

शिकवावे कोणी? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या खानदेशाच्याच माणसाने देऊन ठेवले आहे, आणि ते सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. धुळे जिल्ह्यातून निघालेले डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नी कमलिनीबाई यांना स्किझोफ्रेनिया झाला. परमुलुखात, नातलगांवाचून, हे दुखणे ज्याने घरात वागविले त्याने ते झाकून ठेवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. वाणींनी उलट केले. कॅनडात रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटना कशा चालतात हे त्यांनी जवळून पाहिले आणि 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. पुढे अमृत बक्षी यांच्यासारख्यांनी, जे स्वतः पालक म्हणून या दुखण्याशी झुंजलेले होते, तिची धुरा वाहिली. या संस्थेचे मर्म असे की, तेथे रुग्णाच्या घरची माणसे ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात आणि एकमेकांना सांगतात : गोळी घ्यावयास नकार दिला तेव्हा तुम्ही काय केले, रात्री झोपत नव्हता तेव्हा काय केले, लग्नाच्या वेळी काय सांगितले. हा अमृतसरचा तंबूच. फक्त इस्पितळावाचून उभा राहिलेला.

वाणींनी आणखी एक गोष्ट केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 2004 चा 'देवराई' हा चित्रपट त्यांनी निर्मिला, ज्यात अतुल कुलकर्णी यांनी विकारग्रस्त भावाची आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची भूमिका केली आहे. पत्रलेखकाने तो मुलासह व मुलीसह पाहावा. त्यात कोणीही चमत्काराने बरा होत नाही, हेच त्याचे मोठेपण.

पुण्याचे पुण्यात, असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या बाजूचे पाहू. रावेरकडचे पुष्कळ लोक अशा दुखण्यासाठी अजूनही प्रथम बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे जातात. सुशिक्षित लोक या प्रवासाची थट्टा करतात. मी करीत नाही, कारण त्या परिसरात रुग्णाला घेऊन राहिलेल्या आयांना जे मिळते त्यात थोडा अंश त्याच तंबूचा असतो : आजूबाजूला सगळ्यांचेच कोणी ना कोणी आजारी आहे, तेव्हा मान खाली घालावी लागत नाही. जावयाचे तर जा. पण गोळ्यांचा डबा पिशवीत असू द्या, आणि साखळी कोणालाही घालू देऊ नका. तमिळनाडूत एर्वाडी येथे 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेली 28 माणसे मेली. माणसाला साखळीने बांधणे आता 2017 च्याच कायद्याच्या पंच्याण्णवाव्या कलमाने निषिद्ध आहे.

सरकारी सोयींत जवळची म्हणजे टेली-मानसची 14416 ही दूरध्वनीसेवा. 10 ऑक्टोबर 2022 पासून ती चालू आहे, अहोरात्र असते, मराठीत बोलते, पैसे पडत नाहीत. आणि घरच्या माणसानेही स्वतःसाठी तिकडे बोलावे, त्यासाठी रुग्णाने फोन हातात घेतलाच पाहिजे असे नाही. ज्याला सावदा, फैजपूर, भुसावळ ओलांडून जळगाव गाठावयाचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, त्याला हा दूरध्वनी पुष्कळ आहे. नव्याने भ्रम होत असेल, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे निघत असेल, तर मात्र प्रवासाला पर्याय नाही. आणि जेथे मनोविकारतज्ज्ञ नाही तेथे गावच्याच माणसांना तयार करता येते, हे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने 'आत्मीयता' या उपक्रमातून दाखवून दिले. गावातलीच काही विश्वासाची माणसे निवडून, दुःखी माणसाचे ऐकून कसे घ्यावे आणि कोणाला पुढे डॉक्टरकडे धाडावे, एवढे त्यांना शिकविले. पेठ हा डोंगरी आदिवासी मुलूख, रावेर केळीचा बागायती. पण ऐकून घेण्याला बागायतीची आडकाठी येऊ नये.

आता पत्रलेखकास. या लेखमालेच्या टपालात रावेर तालुक्यातून अशी आणखी दोन पत्रे आधीच आलेली आहेत, एक सातपुड्याच्या पायथ्याकडचे आणि एक खुद्द गावातले, आणि तिन्हींत हे वाक्य जवळजवळ सारखे आहे की आमच्या पंचक्रोशीत असे दुसरे घर नाही. मी तिघांनाही स्वतंत्रपणे विचारले की, तुमचा पत्ता इतर दोघांना दिला तर चालेल काय. दोघांनी होकार कळविला आहे. तिसऱ्याने, मुलाला विचारून सांगतो, असे लिहिले आहे. तिन्ही घरे एकत्र बसावयाची ठरली, तर बैठकीला जागा लागेल, ती वाचनालयाची असो की कोणाच्या खळ्याची. बाजाराचा दिवस सोयीचा, कारण त्या दिवशी तालुक्याच्या गावी कोण कशाला आला हे कोणी विचारीत नाही. पहिल्या वेळी डॉक्टर बोलावू नये. तो आला की सगळे त्याच्याकडेच पाहत बसतात.

चौदावे कलम पुढच्या आठवड्यात.