रोजची गोळी : कोणाला हवी, कोणाला नको?

रोज एखादी जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न आज घरोघर जितक्या सहजपणे विचारला जातो, तितक्याच सहजपणे त्याचे उत्तरही दिले जाते. शेजारी म्हणतात, "घ्या की, चांगली असते." जाहिरात विचारते, "थकवा येतो का?" आणि थकवा कोणाला येत नाही? उलट घरातले एखादे वडीलधारे माणूस ठासून सांगते, "आमच्या आजोबांनी कुठे गोळ्या खाल्ल्या होत्या? भाकरी-भाजी खाल्ली आणि ऐंशी वर्षे जगले." ही दोन्ही उत्तरे आम्हांला सारखीच अपुरी वाटतात. ती गोळीविषयी आहेत. गोळी घेणाऱ्या माणसाविषयी नाहीत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. गोळी उणीव भरून काढते. जेथे उणीव नाही तेथे ती बहुधा काहीच करीत नाही आणि क्वचित अपायही करते. म्हणून पहिला प्रश्न "गोळी चांगली का?" हा नव्हे. "उणीव कोणती, आणि ती कोणाला आहे?" हा पहिला प्रश्न होय.

जीवनसत्त्वांचा शोधच मुळी उणिवेच्या वाटेने लागला. १७४७ साली जेम्स लिंड ह्या ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला व्हिनेगर, एकीला समुद्राचे पाणी, एकीला सफरचंदाची आंबवलेली दारू असे वेगवेगळे उपचार दिले. एका जोडीला मात्र रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. सहा दिवसांत फळे संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. इतका लख्ख पुरावा हाती असूनही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडले.

दीडशे वर्षांनंतरची गोष्ट जावा बेटावरची. तेथे बेरीबेरीने माणसे लुळी पडत होती. क्रिस्तियान आइकमन ह्या डच डॉक्टरला असे आढळले की पांढऱ्याशुभ्र, सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांनाही तसाच रोग होतो, आणि तांदळाचा कोंडा खाऊ घातला की त्या बऱ्या होतात. कोंड्यात काहीतरी होते आणि कांडपात ते निघून जात होते. आजार म्हणजे बाहेरून आलेले काही विष किंवा जंतू, अशी त्या काळची पक्की समजूत. काहीतरी *नसल्यामुळे* माणूस आजारी पडतो, ही कल्पनाच नवी होती. १९१२ साली काझिमीर फुंक ह्यांनी अशा द्रव्यांना 'व्हिटामिन' हे नाव सुचविले, आणि १९२९ साली आइकमन ह्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

ह्या इतिहासातले एक पान आपल्या मुंबईत लिहिले गेले आहे, आणि ते आपल्याला फारसे ठाऊक नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा पांडुरोग होई आणि त्यात कित्येक दगावत. लूसीबाईंनी जंतू शोधून पाहिले, आहार तपासला, आणि अखेर त्यांच्या ध्यानात आले की यीस्टपासून केलेले स्वस्त सत्त्व, ज्याला इंग्लंडात मार्माईट म्हणून पावाला लावतात, ते दिले असता ह्या स्त्रिया झपाट्याने सुधारतात. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या सत्त्वातले गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड.

पन्नास वर्षांनी ह्याच द्रव्याचा दुसरा गुण सिद्ध झाला. ज्या मातांना पूर्वी पाठीच्या कण्याचे वा मेंदूचे व्यंग असलेले मूल झाले होते, अशा १,८१७ स्त्रियांवर सात देशांत चाचणी झाली. तिचा निष्कर्ष १९९१ साली आला: गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर असे व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. 'आधीपासून' हा शब्द महत्त्वाचा आहे. गर्भाच्या मेंदूची व कण्याची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते. त्या वेळी पुष्कळदा आईला दिवस गेल्याचेही कळलेले नसते. येथे गोळी घेणे ही चैन नव्हे, ते कर्तव्यच आहे.

मग जी वस्तू उणिवेत इतकी गुणकारी, ती उणीव नसताना अधिक घेतली तर अधिक गुण देईल, असे मानायला काय हरकत आहे? आजच्या बाटल्यांचा सारा व्यापार ह्या एका अनुमानावर उभा आहे, आणि अनुमान दिसायला सरळ आहे. परंतु शरीर हे घागरीसारखे आहे. रिकाम्या घागरीत पाणी ओतले तर ती भरते. भरलेल्या घागरीत ओतले तर पाणी सांडते. 'ब' गटातील आणि 'क' ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. त्यांचा बराचसा जादा भाग मूत्रावाटे निघून जातो. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही चरबीत विरघळणारी. त्यांची वाट तितकी मोकळी नसते. 'अ' आणि 'ड' तर शरीरात साठत जातात आणि प्रमाणाबाहेर साठली की बाधतात. अति तेथे माती ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

विद्वानही ह्या अनुमानाला भुलले आहेत. लायनस पॉलिंग ह्यांना रसायनशास्त्राचे आणि शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके मिळालेली. १९७० साली त्यांनी सर्दीवर 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि जगभर लोक त्या गोळ्या चघळू लागले. पुढच्या चाचण्यांत काय दिसले? सामान्य माणसाची सर्दी त्याने टळत नाही. नियमित घेणाऱ्याची सर्दी थोडी लवकर आटोपते, इतकेच. मोठ्या माणसाचे मत हा पुरावा नव्हे, हे आपण पुनःपुन्हा विसरतो.

पुरावा कशाला म्हणावे? गोळ्या घेणारे लोक अधिक निरोगी दिसतात, हे खरे आहे. पण असे लोक बहुधा व्यायाम करतात, तंबाखू टाळतात, डॉक्टरकडे वेळेवर जातात. त्यांच्या प्रकृतीचे श्रेय गोळीला द्यावे की सवयींना? ह्याचा निवाडा करण्याचा मार्ग एकच. हजारो माणसे घ्यावीत, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावेत, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यावी, आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी.

अशी वाट फिनलंडमध्ये पाहिली गेली. गाजरासारख्या भाज्यांतील बीटा-कॅरोटीन कर्करोग टाळील अशी आशा होती. २९,१३३ धूम्रपी पुरुषांवर चाचणी झाली, आणि १९९४ साली आलेला निष्कर्ष नेमका उलटा निघाला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच एक चाचणी १९९६ साली मध्येच थांबवावी लागली. 'ई' जीवनसत्त्वाने प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. २०११ साली कळले की तो १७ टक्क्यांनी वाढला. सुमारे २६ हजार प्रौढांना 'ड' जीवनसत्त्व देऊन झालेल्या चाचणीत, २०१८ साली, हृदयविकार अगर कर्करोग कमी झालेला दिसला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्व जीवनसत्त्वे एकत्र असलेली साधी गोळी वरच्या चाचण्यांतल्या मोठ्या मात्रांपेक्षा निराळी आहे. पन्नाशीपुढच्या साडेचौदा हजारांवर अमेरिकन डॉक्टरांना ती एका तपाच्या आसपास देऊन पाहिली, तेव्हा कर्करोगाचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसले. हृदयविकारावर काही परिणाम नव्हता. हा निष्कर्ष २०१२ चा. लाभ लहान आहे आणि त्यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचारांविषयीच्या तज्ज्ञसमितीने सांगितले की, निरोगी प्रौढाने ती घ्यावी किंवा घेऊ नये असे सांगण्याइतका पुरावा नाही. बीटा-कॅरोटीन आणि 'ई' मात्र ह्या हेतूने घेऊच नयेत.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे उणीव नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही; पण ती सर्वांना सारखी नाही. 'ब-१२', ज्याला आपण दुकानात 'बी-ट्वेल्व्ह' म्हणतो, ते सूक्ष्म जीवच तयार करतात. धान्य, भाज्या, फळे ह्यांत ते नसते; दूध, दही, अंडी, मासे, मांस ह्यांतून मिळते. रोजची गरज दोनअडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या लाखाव्या भागाहूनही कमी. पण तेवढेही पुष्कळ शाकाहारी घरांत पोटात जात नाही. चहातले चमचाभर दूध त्याला पुरत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. उतारवयात जठरातील आम्ल घटते आणि अन्नातले ब-१२ नीट सुटत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होते. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ह्यांना आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो. त्यातले काही एका रक्ततपासणीने आणि स्वस्त औषधाने सुधारण्याजोगे असते. येथे एक सावधगिरी हवी. ब-१२ ची उणीव असताना नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिले तर रक्त सुधारलेले दिसते, आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

दुसरी उणीव लोहाची. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. गरोदरपणी लोह व फॉलिक ॲसिडची गोळी किमान १८० दिवस घ्यावी असे सरकारी धोरण आहे आणि ती सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. तरीही तितके दिवस ती घेणाऱ्या माता त्याच सर्वेक्षणात २६ टक्केच निघाल्या. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, कोणी समजावून सांगत नाही, आणि ती बंद पडते. एकीकडे ज्याला कमी नाही असा गृहस्थ महिन्याला शेकडो रुपयांच्या बाटल्या आणतो, दुसरीकडे त्याच्याच घरी धुणीभांडी करणारी बाई फुकटच्या गोळीवाचून राहते. कित्येकदा तर ती त्याच्या घरातलीच सून असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा प्रकार.

मग प्रत्येकाने निर्णय कसा करावा? आम्ही चार प्रश्न सुचवितो. पहिला: मी उणिवेच्या गटात आहे काय? म्हणजे गर्भवती किंवा लवकरच आई होऊ इच्छिणारी स्त्री, शाकाहारी वा वृद्ध व्यक्ती, दिवसभर घरात राहणारे व अंगाला ऊन न लागणारे माणूस, आतड्याचा विकार असलेला रोगी, ह्यांपैकी कोणी. दुसरा: नेमकी कोणती उणीव? सतरा द्रव्यांची गोळी हे त्याचे उत्तर नव्हे; शक्य तेथे तपासणी करावी. तिसरा: मात्रा किती आणि किती दिवस? 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी सामान्यतः आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडू शकतात. चौथा: माझ्या इतर औषधांशी तिचे जमते काय? रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेणाऱ्याने 'के' जीवनसत्त्व आपल्या मनाने घेऊ नये. थॅलेसिमियाच्या रोग्याने लोह घेऊ नये. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्याने रक्त देण्यापूर्वी तसे सांगावे, कारण त्याने थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

ह्या चारही प्रश्नांआधी ताटाकडे पाहावे हे ओघानेच आले. एका पेरूत दिवसभर पुरून उरेल इतके 'क' जीवनसत्त्व असते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत चवीपुरती नाही. त्या आंबटपणाने पोह्यांतले आणि भाजीतले लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबरचा चहा ते अडवितो, म्हणून तो तासभर मागे ढकलावा.

पण 'सारे काही ताटातूनच मिळेल' हा हट्टही नको. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी ह्यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंड हटू लागला. तेथील जमिनीतच आयोडीन नव्हते. मग ते भाजीत कोठून येणार? १९६२ पासून तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला. आज आपण चिमूटभर मिठातून रोज हे पूरक द्रव्य घेतो आणि घेतो हे आपल्याला आठवतही नाही. उणीव ओळखली, मात्रा ठरविली, आणि जिला हवे तिच्या ताटापर्यंत ते पोचविले. पूरक आहाराचे शहाणपण एवढेच.

तेव्हा उद्या बाटली विकत घेण्यापूर्वी तिच्यावरची अक्षरे वाचण्याआधी घरातल्या माणसांकडे एकदा पाहावे. कोणाचा चेहरा पांढुरका आहे, कोणाच्या पायांना मुंग्या येतात, कोण सर्वांच्या शेवटी जेवते? पहिली तपासणी त्या माणसाची करावी. आपल्या घरात गोळीची खरी गरज असली, तर ती बहुधा तेथेच सापडेल.